रॉड्रिग्जचे एकुलते झुडूप

मॉरिशसच्या अखत्यारीतील रॉड्रिग्ज बेटावरचे ‘काफे मारों’ हे कॉफीच्या कुळातील झुडूप नामशेष झाल्याचे मानले जात असताना १९८० मध्ये एका शाळकरी मुलाला त्याचे एकच जिवंत झाड आढळले. १९८६ मध्ये त्याची छाट कलमे, म्हणजे मुळे फुटावीत म्हणून कापलेल्या फांद्या, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात पोहोचली. त्यांतून रोपे वाढली, फुललीही, परंतु बी धरेना, आणि कलमांची रोपे जनुकीयदृष्ट्या एकसारखीच असल्याने ही वाढ, कितीही दिलासादायक असली तरी, जातीच्या रक्षणास पुरेशी नव्हती. अखेर २००३ मध्ये उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे परागग्राही टोक, छाटून तेथे परागकण ठेवले व फळ मिळवले. त्या बियांपासूनची रोपे पुढे रॉड्रिग्जला परतली.