नियम भाषेचा की मास्तरांचा?

इंग्रजीच्या तासाला ज्याला सरसकट ‘व्याकरण’ म्हणतात, त्यात भाषेची घडण आणि कुणाची तरी आवड एकाच पोत्यात कोंबलेली असते. ‘शी गो’ चूक आणि ‘शी गोज’ बरोबर, ही प्रमाण इंग्रजीची घडण. पण ‘टू’, ‘विथ’, ‘ॲट’ यांसारख्या शब्दाने वाक्य संपवू नये, हा नियम त्या पंक्तीत बसत नाही. त्याची कुळकथा मजेशीर आहे. 1672मध्ये जॉन ड्रायडन या कवीने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा ‘दोष’ दाखवला. तो दोष का, हे मात्र सांगितले नाही. पुढे आपल्याच एका जुन्या निबंधाच्या नव्या आवृत्तीत त्याने अशी वाक्ये बदलून टाकली. 1762मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाचे व्याकरण आले आणि बंदीचे खापर त्याच्या माथी फुटले. खरे तर लोथने एवढेच म्हटले होते, की ही लकब बोलण्यात आणि मोकळ्याढाकळ्या लेखनात छान चालते, गंभीर लेखनात मात्र तो शब्द आधी आणलेला अधिक शोभतो. गंमत म्हणजे ही लकब इंग्रजीच्या अंगवळणी पडली आहे असे सांगणारे त्याचे वाक्य स्वतःच ‘टू’ने संपते! सल्ला होता प्रसंग पाहून निवड करण्याचा. त्याची सरसकट मनाई पुढच्यांनी केली. 1926मध्ये कोशकार फाउलरने इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या प्रसिद्ध कोशात तिला अंधश्रद्धा ठरवले, तरी वर्गातून ती हटलेली नाही.

कर्मणी प्रयोगाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण त्याच्याबद्दल परस्परविरोधी दोन गैरसमज आहेत. एक म्हणतो, औपचारिक लिहायचे तर कर्मणीच हवा. दुसरा म्हणतो, कर्मणी म्हणजे दुबळे लेखन; संगणकातले व्याकरण-तपासनीस तर तो दिसताच रेघ ओढतात. पहिल्याला उत्तर म्हणून वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953चा शोधनिबंध पाहावा. त्याचा पहिलाच शब्द ‘वुई’ आहे, म्हणून तो कुणाला अनौपचारिक वाटलेला नाही. दुसऱ्याला उत्तर असे, की ‘द पेशंट वॉज टेकन टू हॉस्पिटल’ या वाक्यात आपले लक्ष रुग्णाकडे असते. त्याला कोणी नेले हा प्रश्न गौण, म्हणून तिथे कर्मणीच नेमका. उलट ‘मिस्टेक्स वेअर मेड’मध्ये चुका करणारा पडद्याआड जातो. आपल्याला ही युक्ती ‘कळविण्यात येते की’ या सरकारी थाटामुळे चांगलीच परिचित आहे. दोन्ही इंग्रजी वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. दुसऱ्यात खटकतो तो प्रामाणिकपणाचा अभाव, आणि नुसता प्रयोग ओळखायला शिकून तो कळत नाही.

औपचारिक म्हणजे जडजंबाळ, ही समजूतही अशीच. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स यांनी 1948मध्ये ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिले, तेच मुळी सरकारी नोकरांचे लेखन सोपे व्हावे म्हणून. ‘स्टार्ट’ऐवजी ‘कमेन्स’ लिहिल्याने अर्जाचे वजन वाढत नाही.

यावर आक्षेप येतो: परक्या भाषेत शिकणाऱ्याला पक्के नियम लागतात, ‘प्रसंग पाहून’ म्हटले की तो गोंधळतो, आणि गुण तर जातातच. आक्षेप पोकळ नाही. पण मराठी विद्यार्थ्याला पक्के नियम हवेत ते दुसरीकडे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदे नाहीत, म्हणून ती कुठे घालायची हे त्याला कानाने उमगत नाही. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून तो ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. अशा जागी वर्गाने हवे तेवढे कडक व्हावे. वाक्याच्या शेवटच्या ‘टू’चा मुद्दा पत्रलेखनाच्या धड्यात घ्यावा: प्राचार्यांना लिहिताना तो आधी आणलास तर बरे, मित्राला लिहिताना शेवटी राहू दे.