मळ नव्हे, लाख!

कापसाचा बोळा काळाकुट्ट झालेला पाहून मला केवढा आनंद झाला होता! साठ-सत्तर वर्षांचा मळ निघतोय, म्हणून मी आणखी स्पिरिट ओतलं आणि आणखी जोर लावला. दुर्गला मामांच्या घरी, पुढच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले होते. समोर आजोबांची बालगंधर्वांची तबकडी होती, अष्ट्याहत्तर फेऱ्यांची. गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते, अशी तिची घरात कीर्ती. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाने मला सांगितलं होतं, 'स्पिरिटने पुसा, नव्यासारखी होईल.'

मामा भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आले आणि तिथेच थबकले.

"अगं, काय लावलंस तिला?"

"स्पिरिट. बघा ना मामा, किती मळ होता!"

मामांनी बोळा हातात घेतला, वास घेतला, उजेडात धरला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "हा मळ नाही गं, ही तबकडीच आहे."

तबकडीवर बोळा फिरला होता तिथे चकाकी जाऊन राखाडी पट्टे उमटले होते. वाळल्यावर लावून पाहिली. पूर्वी खरखरीतून निदान गाणं ऐकू यायचं. आता त्या पट्ट्यांवर नुसता फसफसाट होता.

या तबकडीचा प्रवास मोठा आहे. दुर्ग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे इथे मराठी घरं पूर्वीपासून होती. पुढे सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि नोकरीसाठी आणखी कितीतरी कुटुंबं आली. माझे आजोबा त्यांतलेच. नागपूरहून येताना ट्रंकेत भांड्यांच्या आधी तबकड्या भरल्या, असं आजी सांगायची. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये खिडकी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत टेबलावर लालसर धुळीचा थर दिसे. खरखर म्हणजे कारखान्याची धूळ, हे समीकरण आमच्या डोक्यात तिथूनच पक्कं बसलं. निम्मं खरं होतं, निम्मं साफ चूक.

सुताराला विचारा

अष्ट्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी बहुधा लाखेची असते, म्हणजे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिची. छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात ही लाख आजही गोळा केली जाते, बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात. जिच्या बांगड्या होतात तिच्याच तबकड्या होत, हे मात्र आमच्या घरात मामांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे म्हणजे चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की लाकडाला लावायचं पॉलिश तयार होतं, हे कोणताही सुतार सांगेल. मी तबकडीवर स्पिरिट ओतून नेमकं तेच केलं होतं. बोळ्यावर आलेला काळा रंग तबकडीच्या मिश्रणातल्या काजळीचा होता.

आता त्या मूळ खरखरीकडे येऊ. लाखेत काजळीखेरीज दगडाची भुकटी भरपूर घालत. त्याने तबकडी कडक आणि स्वस्त होई, पण दुसरंही एक कारण होतं. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई जड ध्वनिपेटीखाली दाबली जाई. नवी सुई खाचेत नीट बसत नसे. तबकडीतली दगडी कणी पहिल्या काही फेऱ्यांत सुईचं टोक घासून तिला खाचेच्या आकाराचं करी. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावायचा नियम होता. सुई घासणारी ती कणी आवाजातही उतरणारच! थोडी सरसर त्या तबकडीच्या जन्माबरोबरच आलेली असते. ती धुऊन जात नाही आणि घालवायला गेलं की माझ्यासारखं होतं.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. अमेरिकेने १९४२ मध्ये तिच्या वापरावर निर्बंध घातले. सैनिकांसाठी काढलेल्या तबकड्यांत विनाइल हे प्लास्टिक वापरलं गेलं आणि १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइलची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. त्यात दगडाची भुकटी नाही, खाचा बारीक, आवाज शांत. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, हिची वीस मिनिटांहून जास्त चाले. आपल्याकडे मात्र १९७०च्या सुमारापर्यंत जुन्या तबकड्या निघत राहिल्या. त्यामुळे मराठी घरांतल्या कपाटात दोन्ही जाती शेजारी शेजारी सापडतात आणि खरा घोटाळा तिथेच होतो. म्हणून ओलं फडकं हातात घेण्याआधी लेबल वाचा. ७८ लिहिलं असेल, तबकडी जड आणि ताठ असेल, तर ती लाखेची समजा. वाकवून खात्री करू नका, मातीच्या परळासारखे तुकडे होतील.

आवाज ओळखा

सगळा आवाज एका जातीचा नसतो. मामा डोळे मिटून सांगतात, कुठला कशाचा. सतत सरसर असेल तर तबकडी झिजलेली किंवा लाखेची. प्रत्येक फेरीला त्याच जागी 'टक' वाजत असेल तर ओरखडा. तो कशानेही जात नाही, पैसे वाया घालवू नका. चण्यासारखी तडतड अधूनमधून होत असेल तर धूळ, आणि विनाइल असेल तर तिच्या जोडीला स्थिर वीज. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत नायलॉनच्या पदराने तबकडी पुसली की ती विजेने भारते आणि खोलीतली धूळ स्वतःकडे ओढते. पुसून पुसून आवाज वाढला, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपलं फडकं बघावं.

विनाइल धुता येतं आणि ते घरी जमण्यासारखं आहे. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे एक-दोन थेंब. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात आणि तेच पुढे तडतडतात. लेबल कोरडं ठेवून, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेनेच, गोल गोल पुसावं, कधीही आडवं नाही. यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण पुन्हा पुसून घ्यायचा, कारण राहिलेला साबणही आवाज करतो. मामी भांड्यांच्या जाळीत तबकडी उभी करून सावलीत वाळवतात. "ताटांची जागा गेली," असं प्रत्येक वेळी म्हणतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच जाळी रिकामी करून देतात. वाळल्यावर तबकडी जुन्या, धुळकट कागदी पाकिटात परत घालू नये, नाहीतर सगळे श्रम पाण्यात.

लाखेच्या तबकडीला मात्र पाण्यात बुडवायचं नाही. आधी कोरडा ब्रश. फारच गरज असेल तर साबणाचा थेंब घातलेल्या त्याच पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळायचं, हलक्या हाताने फिरवायचं, साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरडं करायचं. तडा गेलेल्या तबकडीला तेवढंही पाणी नको. स्पिरिट कधीच नाही. कोणी खोबरेल तेलही सुचवतं. तेलाने दोन दिवस चमक येते, मग तेच तेल धूळ धरून ठेवतं. धातूच्या पत्र्यावर काळा थर असलेली तबकडी सापडली तर तिला घरी हातच लावू नका. तशा तबकड्या आकाशवाणी केंद्रांत आणि स्टुडिओत वापरत आणि त्यावरचं ध्वनिमुद्रण दुसरीकडे कुठेही नसण्याची शक्यता असते. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि मायकेल किनिअर यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली. जुन्या तबकड्यांची माहिती जपण्याचं मोठं काम तिथल्या मंडळींनी केलं आहे. अशा जाणकारांना दाखवल्याशिवाय काही करू नये.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं. वैशाखात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात विनाइल वाकडं होतं. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, कलत्या किंवा एकावर एक नकोत. मामांच्या कपाटाची जागा मामींनीच बदलून घेतली, आतल्या खोलीत, देवघराशेजारी.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "मग ही बिचारी आधीपासूनच इतकी का खरखरत होती? लाखेच्या बाकीच्या तबकड्या इतक्या नाही वाजत."

मामांनी रेकॉर्डप्लेअरचा हात उचलून मला खालून दाखवला. सुईच्या खोक्याला लहानशी कळ होती. अशा जुन्या यंत्रांत दोन सुया असतात, कळ फिरवली की दुसरी खाली येते. लाँग प्लेची सुई टोकाला सुमारे पंचवीस मायक्रॉनची, जुन्या तबकडीची सुमारे पंच्याहत्तर, म्हणजे तिप्पट जाड. बारीक सुई रुंद खाचेत घातली की ती भिंतींना न टेकता तळाशी जाते, नेमकी जिथे धूळ आणि झिजेचा चुरा साठलेला असतो. पोरांनी कधीतरी कळ लाँग प्लेवर केली होती आणि नंतर कोणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. चार वेळा मी ती तबकडी त्याच सुईवर ऐकली होती आणि दोष धुळीला दिला होता.

"आता काय उपयोग," मी म्हटलं.

"दुसऱ्या बाजूला कुठे स्पिरिट लावलंयस?" मामांनी तबकडी उलटली, ब्रश फिरवला आणि कळ ७८वर आणली. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. सरसर होतीच, पावसाच्या बारीक सरीसारखी, पण गाणं तिच्या बरंच वर होतं. तीन मिनिटं कोणी बोललं नाही. संपल्यावर मामांनी सुई उचलून ठेवली आणि मामींना म्हणाले, "हिची आई लहानपणी हीच बाजू लावायला सांगायची. त्या बाजूचं गाणं तिला कधी आवडलंच नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते अजून मी आईला विचारलेलं नाही.