प्रोजेक्टर बंद करताना घाई नको!

बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत गणपतीत किंवा क्रिकेटच्या फायनलला प्रोजेक्टर लागतोच. कार्यक्रम संपला की कुणीतरी थेट एक्स्टेंशन बोर्डचं बटण बंद करतं. तसं करू नका.

लॅम्पवाल्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. पेटलेला असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट, तर क्वार्ट्झच्या नळीचं तापमान ९०० अंशांच्या आसपास. पंखा एकदम थांबला की उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचं आयुष्य घटतं.

✅ बंद करायला बहुतेक मॉडेलवर पॉवरचं बटण दोनदा दाबावं लागतं.
✅ पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.
✅ गरम असताना हलवू नका, बॅगेत भरू नका.
✅ वीज गेली तर निवल्यावरच पुन्हा लावा.

एलईडी, लेझर मॉडेल लवकर निवतात. तरी मॅन्युअल वाचाच.