वसुलीच्या पत्रातला आकडा आला कुठून?

पीएचडीसाठी परदेशी निघालेल्यांना आपण सगळं सांगतो. प्रपोजल कसं लिहायचं, स्टायपेंड कसा पुरवायचा, गोडा मसाला बॅगेत कुठे ठेवायचा. विजेच्या बिलाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज हा लेख.

इंग्लंडमधलं पहिलं वर्ष मी दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहिले. विजेचं खातं माझ्या नावावर होतं. ऑगस्टमध्ये घर सोडलं, मीटरचं शेवटचं रीडिंग कंपनीला ऑनलाइन कळवलं आणि विसरून गेले. शेवटचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं, ते मला मिळालंच नाही. नोव्हेंबरमध्ये नव्या घरी पत्र आलं ते थेट एका वसुली एजन्सीचं. ६११ पौंड सात दिवसांत भरा, नाहीतर पुढील कारवाई होऊ शकते.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आधी भरून टाक, मग भांड." त्यांचं चूक नव्हतं. आपल्याकडे वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरली की वीज तोडता येत नाही. म्हणजे 'आधी भरा, मग भांडा' याला कायद्याचाच आधार आहे. पण मी ज्या घराबद्दल बोलत होते, तिथे मी राहतच नव्हते. तोडायला काही उरलं नव्हतं.

पत्र पाठवणारा कोण?

पहिला प्रश्न हा विचारा. वसुली एजन्सी म्हणजे कंपनीने पैसे मागण्यासाठी नेमलेला मध्यस्थ. त्याला कंपनीपेक्षा जास्त अधिकार नसतात. तो दारात आला तरी तुमच्या परवानगीशिवाय आत येऊ शकत नाही, सामान उचलू शकत नाही. सामान जप्त करणारा बेलिफ वेगळा. अशा बिलासाठी तो कोर्टाचा निकाल विरुद्ध लागून पैसे थकल्यानंतरच येऊ शकतो. पत्रातली भाषा मुद्दाम अशी असते की दोघांमधला फरक पुसला जावा. 'होऊ शकते' आणि 'होईल' यांतलं अंतर आपण रिसर्च पेपर वाचताना बरोबर पकडतो. इथेही पकडा.

एक अपवाद लक्षात ठेवा. तुम्ही अजून त्याच घरात, त्याच कंपनीची वीज वापरत असाल, तर कंपनी कोर्टाकडून वॉरंट घेऊन घरात प्रीपेड मीटर बसवू शकते. तेव्हा पत्र ड्रॉवरमध्ये टाकून गप्प बसू नका.

आकडा कसा काढला?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मी फोनवर वाद घातला नाही. एजन्सीला ईमेल केला: ही रक्कम मला मान्य नाही, बिलाची प्रत आणि सुरुवातीचं व शेवटचं रीडिंग पाठवा, तोपर्यंत वसुली थांबवा, यापुढे लेखीच बोला. त्याच दिवशी वीज कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली. ही दुसरी पायरी बरेचजण विसरतात. बिल कंपनीने बनवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीही तीच करणार.

बिल आलं तेव्हा शेवटच्या रीडिंगपुढे लहान अक्षरात लिहिलं होतं: अंदाजित. मग हिशेब सोपा झाला.

सुरुवातीचं रीडिंग ४१,२८६. कंपनीचं अंदाजित शेवटचं रीडिंग ४५,९५६. म्हणजे ४,६७० युनिट. मी कळवलेलं रीडिंग ४४,१०६, म्हणजे २,८२० युनिट. फरक १,८५० युनिटचा. २८ पेन्स दराने ५१८ पौंड, ५ टक्के व्हॅट धरून साधारण ५४४.

आपला आकडा निदान शक्य कोटीतला आहे का, हेही पाहिलं. ऑफजेम ही तिथली ऊर्जा नियामक संस्था ऑक्टोबर २०२३ पासून मध्यम वापराच्या घरासाठी वर्षाला २,७०० युनिट धरत होती. आमचं हीटिंग गॅसवर होतं. २,८२० पटण्यासारखं होतं, ४,६७० नाही.

पण 'पटण्यासारखं' म्हणजे पुरावा नव्हे. घरात शिरताना मी मीटरचा फोटो काढला होता, निघताना नाही. ऑनलाइन रीडिंग भरल्याची पोचही जपली नव्हती. रोज लॅब-नोटबुकमध्ये तारीख-वेळ टाकणारी मी, घरी इतकी गाफील! वाचवलं ते घरमालकाच्या एजंटने. घर ताब्यात घेताना त्याने केलेल्या नोंदीत मीटरचं रीडिंग होतं, तारखेसकट. बिल कमी-जास्त झाल्याने त्याचा फायदा-तोटा काहीच नव्हता, म्हणून ती नोंद माझ्या फोटोपेक्षाही भक्कम ठरली.

पाचव्या आठवड्यात उत्तर आलं. माझं रीडिंग खात्यावर चढलंच नव्हतं. सुधारित बिल ६७ पौंड. ते मी त्याच दिवशी भरले. तेवढे पैसे मी खरंच देणं लागत होते. 'बिल चुकीचं आहे' याचा अर्थ 'मी काहीच देणं लागत नाही' असा होत नाही, हे लिहायला मला जड जातंय, कारण पहिल्या ईमेलच्या मसुद्यात मी तसंच लिहिलं होतं.

कंपनी ऐकत नसेल तर

१. तक्रारीला आठ आठवडे होऊनही तोडगा निघाला नाही, किंवा त्याआधी कंपनीने 'आमचं उत्तर हेच अंतिम' असं लेखी दिलं, तर एनर्जी ओम्बुड्समनकडे जा. फी नाही. तुम्ही निर्णय स्वीकारलात तर तो कंपनीवर बंधनकारक असतो.

२. कंपनीच्या चुकीने बिल उशिरा आलं असेल, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी हा नियम २०१८ पासून आहे.

३. पत्र आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल, तर ते कर्ज त्या माणसाचं आहे, घराचं नाही. भाडेकराराची तारीख आणि पहिल्या दिवशीचं रीडिंग पाठवा.

४. कोर्टात जाण्याआधीचं पत्र आलं तर तीस दिवसांत उत्तर द्या. प्रत्यक्ष कोर्टाचा कागद आला तर मुदत चौदा दिवसांची, पोच कळवल्यास अठ्ठावीस. इथे गप्प बसलात तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर त्याची नोंद सहा वर्षं राहते. पुढे घर भाड्याने घेताना ती आडवी येऊ शकते. (हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी.)

माझ्या एका मैत्रिणीने अशाच पत्राला घाबरून न विचारता पैसे भरले होते. तिचा आकडा बरोबर होता की चूक, हे आम्हाला आता कधीच कळणार नाही. तिच्याकडे एकही रीडिंग नव्हतं.

तेव्हा नव्या घराची किल्ली हातात आली की चहा ठेवण्याआधी मीटरचा फोटो काढा. सोडतानाही काढा, आणि स्वतःलाच ईमेल करा. दोन मिनिटांचं काम आहे. मला ते न केल्यामुळे पाच आठवडे नीट झोप नव्हती.