आयव्हीएफनंतरचे शेवटचे आठवडे

आयव्हीएफमध्ये प्रसूतीची तारीख पाळीवरून काढत नाहीत. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला, त्या तारखेत २६१ दिवस मिळवतात. त्यामुळे ३७ आठवडे कधी भरतात, हे नेमके कळते. अशा गरोदरपणात रक्तदाब वाढणे, वार खाली असणे आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका थोडा जास्त असतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापुढे गेला, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. नवसाचे बाळ म्हणून सिझेरियनच हवे, असा आग्रह मात्र घरच्यांनी कृपया धरू नये. नुसते आयव्हीएफ हे सिझेरियनचे कारण नाही. जुळी असतील तर सहसा ३९ आठवड्यांपर्यंत थांबत नाहीत.