अक्कासाठी जमीन बघताना: घर, वीसेक गुंठे आणि बहिणींच्या सह्या

मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी विचारलं की आमच्या गटातल्या अक्काने जमीन घेतली, ती कशी बघितली आणि कागद कोणते तपासले ते सांगा. म्हणून आज तेच बोलू.

अक्का बावीस वर्षं पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या करत होती. नवरा वारला, मुलगी दिल्या घरी गेली, आणि तिने ठरवलं की आता गावाकडे यायचं. तिला मोठी शेती नको होती. राहायला दोन खोल्यांचं घर, मागे भाजीपाला, चार शेळ्या, दहा कोंबड्या, दारात कढीपत्ता आणि शेवगा. पोटापुरतं कमी आणि हौसेपुरतं जास्त, असं ती स्वतःच म्हणायची. तिच्याजवळ पोस्टात आणि बँकेत मिळून साडेआठ लाख होते, आणि गटाकडून थोडं कर्ज मिळणार होतं. हे पैसे गेले तर पुन्हा उभे राहणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जमीन बघायला ती एकटी गेली नाही. आमच्यापैकी दोघी-तिघी प्रत्येक वेळी बरोबर होतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या राज्यात १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अक्काच्या सासरी गुंठाभर जमीन नव्हती. पण वडील वारल्यावर माहेरच्या सातबाऱ्यावर भावाने तिचं नाव वारस म्हणून लावलं होतं. पुढे दोन भाऊबीजांना घरात हक्कसोडीचा विषय निघाला, आणि दोन्ही वेळा अक्काने ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून वेळ मारून नेली. त्या आळसावर आम्ही तिची खूप थट्टा करायचो. त्याच नावामुळे ती आज कायद्याने शेतकरी ठरली.

पहिली जागा बघितली ती रस्त्यावरच्या फलकावरून. पाच गुंठे, तारेचं कुंपण, आंब्याची रोपं लावलेली, एजंट गाडी घेऊन न्यायला आलेला. भाव परवडणारा होता. आम्ही सातबारा मागितला तर त्यावर अकरा जणांची नावं आणि क्षेत्र एकत्र. शेतजमिनीचा फार लहान तुकडा पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. किमान किती क्षेत्र हवं, ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी ठरवलं: जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. हे नियम अधूनमधून बदलतात, अलीकडे काही भागांना सवलतीही दिल्या आहेत, म्हणून आपल्या गावाला आज काय लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारून घ्यावं. एजंट म्हणाला, ‘मावशी, खरेदीखत नाही झालं तरी नोटरी करून देतो.’ नोटरीच्या कागदाने जमीन आपली होत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. आम्ही त्याच्याच गाडीतून परत आलो, चहा मात्र आमच्या पैशाने घेतला.

दुसरी जागा फार स्वस्त होती, आणि स्वस्त का, ते सातबाऱ्यावरच लिहिलेलं होतं: भोगवटादार वर्ग २. वर्ग १ ची जमीन मालकाला साधारणपणे मोकळेपणी विकता येते. वर्ग २ म्हणजे इनामाची, वतनाची, सरकारने दिलेली अशी जमीन, तिला विक्रीआधी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिलाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. तिसऱ्या जागेला रस्ता नव्हता. मालक म्हणाला, ‘बांधावरून जातोच की आम्ही.’ पण नकाशावर तिथे काही दाखवलेलं नव्हतं, आणि शेजारच्या वावरातला माणूस आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता त्यावरून उद्या गवताचा भारा न्यायलाही तंटा होणार हे दिसलं. रस्ता नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून मागता येतो, जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली. पण साठीच्या बाईने विकतचं भांडण का घ्यावं?

चौथी जागा अक्काला बघताक्षणी आवडली. दगडी भिंतींचं पत्र्याचं घर, पुढे ओटा, सातबाऱ्यावर क्षेत्र ०.२२.००, आणि विहिरीत चार आणे हिस्सा. मालक दोघे भाऊ, मुंबईला असायचे. भाव आठ लाख.

इथे आम्ही वेळ दिला. पहिल्यांदा गेलो ते मुद्दाम वैशाखात. पावसाळ्यात जमीन बघितली तर सगळ्याच विहिरी भरलेल्या आणि सगळेच माळ हिरवे दिसतात. आमच्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे खरं काय ते मे महिन्यातच कळतं. विहिरीत दीड-दोन फूट पाणी होतं. मालकाला विचारलं तर तो म्हणाला कधी आटत नाही. मग आम्ही शेजारच्या वस्तीवर पाणी प्यायला थांबलो आणि तिथल्या सुनांना विचारलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी आटली होती, टँकर आला होता, पण एरवी पाझर टिकतो. चार आणे हिस्सा म्हणजे आठ दिवसांच्या पाळीत दोन दिवस पाणी, आणि मोटारीचं वीजबिल भावकीतल्या तिसऱ्याच माणसाच्या नावावर, हेही त्यांनीच सांगितलं.

हिशेब केला. उन्हाळ्यात पाच गुंठे भाजी पूर्ण भिजवायची तर रोज अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोन गुंठ्यांवर आलं आणि ठिबक केलं तर ते हजाराच्याही खाली येतं. अक्काने पाचाचे दोन गुंठे केले. घराचं छप्पर पाचशे चौरस फुटांचं, त्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला साधारण तेवीस हजार लिटर पाणी पडतं, थोडं वाया गेलं तरी टाकी भरते. शेळ्या-कोंबड्यांचं त्यात भागतं.

क्षेत्राचं एक सांगतो, कारण इथे आपण नेहमी फसतो. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर लिहितात, आणि बोलताना आपण गुंठे म्हणतो. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आरपेक्षा किंचित मोठा. मालक बावीस गुंठ्यांचे पैसे मागत होता, पण २२ आर म्हणजे पावणेबावीस गुंठेच होतात. पाव गुंठ्याचे नऊ हजार कमी करून मिळाले नाहीत, पण घरातली जुनी कणगी आणि जातं त्याने तिथेच ठेवलं.

घर बघताना आम्ही तुळयांवर आणि वाशांवर खराट्याच्या काडीने टोचून बघितलं. दोन वासे वाळवीने पोकळ झाले होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मालकाने मोठ्या तोऱ्यात दाखवला. तो कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. घर ज्या जमिनीत उभं आहे तिचा सातबारा बघायचा, आणि घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो, त्याबरोबर ८अ चा खाते उतारा घेतला. ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा पीककर्जाचा बोजा होता, तो फेडून निल दाखला आणायला मालकाला सांगितलं. पण आमच्यातली एक जण, जिला फेरफार वाचायची सवय आहे, तिने जुना फेरफार काढायचा हट्ट धरला. सातबारा आजचं चित्र दाखवतो, ते चित्र कसं झालं ते फेरफारात असतं. तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, फेरफाराची नक्कल मिळाली. वडील वारल्यावर वारस म्हणून आई आणि दोन मुलगे एवढीच नावं लागली होती, नंतर आईचं कमी झालं. आम्ही शेजारच्या वस्तीवर परत गेलो आणि सुनांना सहज विचारलं, ‘यांना बहिणी किती?’

तीन.

हिंदू कुटुंबात बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीलाही वाटा आहे, हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर नाव लावलं नाही म्हणून तो हक्क जात नाही. नोंदवलेलं हक्कसोडपत्र असतं तर गोष्ट वेगळी होती, ते नव्हतं. म्हणजे आज भावांकडून खरेदी केली आणि उद्या एखादी बहीण कोर्टात गेली, तर अक्काची बावीस वर्षांची कमाई दाव्यात अडकली असती. तोवर अक्काने विसार म्हणून पन्नास हजार देऊन टाकले होते. ते तिने फेरफार बघण्याआधी दिले, ही आमचीही चूक.

वकिलांनी सांगितलं, तिघी बहिणींना खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून घ्या. भाऊ म्हणाले, ‘त्या काय, सही करतील.’ आम्ही सही मागायला गेलो. थोरलीला काही नको होतं, ती सही करायला लगेच तयार झाली. धाकटीनेही नवऱ्याला विचारून होकार दिला. मधली मात्र चुलीजवळ बसून आमचं सगळं ऐकत राहिली, मग विचारलं, ‘म्हणजे माझा वाटा किती होतो?’

आम्ही एकमेकींकडे बघितलं. गटात याच्यावर नंतर बराच वाद झाला. काही जणींचं म्हणणं होतं की आपण अक्काच्या कामाला गेलो होतो, बाकीचं बोलायची गरज नव्हती. पण तिथे बसलेल्या आम्हा तिघींना खोटं बोलता आलं नाही. पाच भावंडं, आठ लाख, प्रत्येकी एक लाख साठ हजार. ते ऐकून ती म्हणाली, ‘मग ते मला द्या, माझ्या नावाच्या चेकने.’

भाऊ आमच्यावर चिडले. घर फोडायला आलात का, असं फोनवर म्हणाले. व्यवहार दोन महिने थांबला, अक्काचा विसार अडकला, ती रात्री झोपायची नाही. आम्हीही हबकलो होतो. शेवटी दुसरं गिऱ्हाईकही हाच फेरफार काढणार हे त्यांच्या लक्षात आलं असावं. थोरलीने मध्यस्थी केली. पाचही जणांना पाच चेक झाले. थोरलीने आपला चेक घेतला, नको नको म्हणत.

दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी वकिलांनी तीस वर्षांचा शोध अहवाल काढला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली, तेव्हा पूर्वेचा बांध तीन फूट आत सरकलेला निघाला. शेजाऱ्याने कुरकुर करत खुणा मान्य केल्या. खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क, किमतीच्या एक टक्का नोंदणी फी, वकील आणि मोजणी, हे जमिनीच्या किमतीबाहेर वेगळं धरून ठेवावं. अक्काने धरलं नव्हतं, ते गटाच्या कर्जातून भागवलं. बाईच्या नावाने खरेदी केल्यावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण ती राहत्या घराच्या खरेदीसाठी, शेतजमिनीला मिळेल असं गृहीत धरू नये. आणि शुल्क आपण ठरवलेल्या भावावर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं.

खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ते पंधरा दिवस अक्का रोज आमच्यापैकी कोणाला तरी संकेतस्थळ उघडून बघायला लावायची. एकही हरकत आली नाही. सातबाऱ्यावर तिचं एकटीचं नाव लागलं.

मधली बहीण राखीला माहेरी गेली नाही. तिने आम्हाला फोन केला होता, चेक वटला एवढं सांगायला. त्या पैशांचं काय करणार असं आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही.

अक्काने वासे बदलले, दोन गुंठ्यांत मेथी, वांगी आणि गवार लावली. शेळ्या अजून दोनच आहेत. तुमच्या गटात कोणी जमीन बघत असेल तर सातबारा, ८अ आणि जुन्या फेरफाराची नक्कल घेऊन गुरुवारी दुपारी केंद्रावर या, बसून वाचू. फेरफार नसेल तर आधी तो काढा, विसार नंतर द्या.