बाटली भरलेली, तरी ब्रेक लागेना!

दरवर्षी १३ ऑक्टोबरला मुंबई-ठाण्याकडून अनेक कुटुंबे येवल्याला येतात. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी येथे धर्मांतराची घोषणा केली. पूर्वी ही मंडळी रेल्वेने मनमाडला उतरत, नाहीतर एस.टी.ने येत. आता पुष्कळांकडे, जुनी का होईना, स्वतःची गाडी आहे. येताना कसारा घाट चढायचा असतो, तेव्हा ब्रेकला फारसे काम पडत नाही. खरी परीक्षा होते ती परतताना, गाडी भरलेली, सगळे दमलेले आणि समोर सगळा उतार.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच परतत होतो. विंचूर चौफुली सोडली, निफाड, नाशिक, इगतपुरी मागे पडले, कुठे तक्रार नाही. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर मात्र ब्रेकचे पॅडल पायाखाली मऊ पडले आणि तळाला टेकले. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी कडेला उभी केली. मागे मुले झोपलेली होती, त्यांना काही कळलेही नाही. गंमत अशी, की अर्ध्या तासाने ब्रेक पहिल्यासारखा लागू लागला! निघण्यापूर्वी ब्रेक ऑइलची बाटली आम्ही स्वतः पाहिली होती. ती काठोकाठ भरलेली होती.

पुढे मेकॅनिकने एकच विचारले, "ऑइल बदललं कधी?" गाडी घेतल्यापासून कधीच नाही.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तेल नव्हे. नेहमीच्या गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचे रसायन असते आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबल्याने चाकाजवळचे ऑइल तापते, उकळते, त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर मग चाकापर्यंत पोहोचतच नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते, म्हणून ब्रेक परत आला.

तेव्हा बाटली भरलेली आहे एवढ्यावर विसंबू नये. साधारण दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलून, हवा काढून घ्यावी. आपल्या गाडीला कोणते चालते ते बाटलीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्या जातीचे. नाव सारखे वाटले तरी ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये. (डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचेच. नावे ठेवणाऱ्यांनी गोंधळ घालून ठेवला आहे.) इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, त्याने आतली रबरे फुगतात.

दुकानातून सीलबंद लहान डबी घ्यावी. उरलेले वर्षभर फळीवर ठेवून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये, उघडी डबीही ओलावा पिते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर पत्र्याचा रंग उडतो.

पातळी खाली गेली असेल तर नुसती भर घालून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते. झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही गोष्टी गॅरेजमध्येच पाहून घ्याव्यात. बाटली पाहण्याचे काम मात्र घरात कुणीही करू शकते.

घाट उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा, पाय ब्रेकवर टेकवून बसू नये. आणि आमच्यासारखा प्रसंग आलाच, तर थांबल्यावर ब्रेक पुन्हा लागतो आहे म्हणून तसेच पुढे निघू नये. पुढच्या उतारावर तेच ऑइल पुन्हा उकळते. आम्ही त्या दिवशी गाडी ओढून कसाऱ्याला नेली आणि लोकल पकडून घरी आलो.